मोटारसायकलच्या बॅटरीची निगा

दूध संकलन केंद्रावर किटल्या पोहोचविणे, तालुक्याच्या गावाहून बियाणे व औषधे आणणे, भाजीपाला आठवड्याच्या बाजारी नेणे, रात्रीच्या पाळीत वीज आली असता पंप सुरू करण्यासाठी मळ्यात जाणे, ही कामे आता बहुतेक गावांत मोटारसायकलवर होतात. गाडीच्या इंजिनाचे तेल वेळेवर बदलावे, साखळीस वंगण द्यावे, टायरमधील हवा पाहावी, याची जाणीव शेतकरी बांधवांस चांगली झालेली आहे. बॅटरीकडे मात्र ती बंद पडेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. आणि ती बंद पडते ती बहुधा अडचणीच्या वेळीच. रात्री आजारी माणसास दवाखान्यात न्यावयाचे असते, किंवा दूध नासण्यापूर्वी पोहोचवावयाचे असते, आणि बटण दाबले असता नुसता टक् असा आवाज येतो.

पूर्वीच्या गाड्यांत बॅटरी उतरली तरी किक मारून काम भागत असे. आता परिस्थिती पालटली आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो आपोआप जळत राहतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली, आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटरच्या जागी विजेवर चालणारी इंधन फवारणीची यंत्रणा आली. पुष्कळ गाड्यांस तर किकच नसते. अशा गाडीची बॅटरी पुरती उतरली म्हणजे ढकलूनही ती सुरू होण्याची खात्री राहत नाही. यास्तव बॅटरीची निगा हा आता गाडीच्या देखभालीचा मुख्य भाग झाला आहे.

या निगेचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल. बॅटरी कामाने जितकी झिजते, त्याहून अधिक ती उपाशी राहिल्याने मरते. हे सूत्र समजण्यासाठी बॅटरीच्या आत काय घडते ते प्रथम पाहावयास हवे.

बॅटरीची घडण

मोटारसायकलमध्ये बहुधा शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी असते. या प्रकारची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने १८५९ साली प्रथम तयार केली, आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यातून दोन व्होल्टहून किंचित अधिक दाब मिळतो. कप्प्यात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या एकाआड एक बसविलेल्या असून त्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात, म्हणजे ज्यास बाजारात बॅटरीचे अॅसिड म्हणतात त्यात, बुडालेल्या असतात.

बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा अॅसिडमधील गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो व दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर तयार होतो. अॅसिड त्या प्रमाणात पातळ होते. पुन्हा वीज भरली म्हणजे हा थर विरघळून पट्ट्या पूर्ववत होतात आणि अॅसिडही पुन्हा तीव्र होते. ही देवघेव शेकडो वेळा होऊ शकते, मात्र ती वेळेवर व्हावयास हवी.

ताजा थर मऊ व बारीक कणांचा असतो. बॅटरी रिकाम्या स्थितीत कित्येक दिवस तशीच पडून राहिली म्हणजे त्या कणांचे टणक स्फटिक बनतात व ते चार्जिंगला दाद देत नाहीत. काळ्या जमिनीत वापसा असताना कुळव चालविला तर ढेकूळ सहज फुटते. तीच जमीन वाळून टणक झाली म्हणजे अवजार वरून घसरत जाते. बॅटरीचेही तसेच आहे. पट्टीचा जेवढा भाग टणक झाला तेवढा कायमचा पडीक झाला असे समजावे. पाच अँपिअर-तासांची बॅटरी मग दोन अँपिअर-तासांचीच उरते, आणि मालकास वाटते की बॅटरीच वाईट निघाली.

बॅटरी उपाशी का राहते?

पहिले कारण म्हणजे गाडी थोडी थोडी चालविणे. घरापासून मळ्यापर्यंत एक किलोमीटर जाणे, तेथे गाडी बंद करणे, पुन्हा बटण दाबून परत येणे, असे दिवसातून पाच-सहा वेळा घडते. बटण दाबून इंजिन फिरविणाऱ्या मोटरला, जिला गॅरेजमध्ये सेल्फ म्हणतात, क्षणभर का होईना, पण फार मोठा प्रवाह लागतो. तो खर्च भरून निघण्यास गाडी मध्यम वेगाने काही मिनिटे तरी चालली पाहिजे. एका जागी मंद गतीने इंजिन चालू ठेवल्याने फारच थोडी वीज भरली जाते. यास्तव किक असलेल्या गाडीस सकाळची पहिली सुरुवात किकने द्यावी, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी.

दुसरे कारण म्हणजे जादा जोडलेली साधने. रंगीत दिवे, मोठे हॉर्न, मोबाइल चार्ज करण्याची सोय, यांचा भार गाडीच्या मूळ रचनेत धरलेला नसतो. २० वॅटचा जादा दिवा बारा व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर वीज घेतो. इंजिन बंद असताना तो चालू राहिला तर ५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी तीन तासांच्या आतच रिकामी होते, आणि सेल्फ फिरविण्याइतकी शक्ती त्याच्या बऱ्याच आधी नाहीशी होते. शिवाय अशा जोडणीसाठी मूळ वायर सोलली जाते, तीत पावसाचे पाणी शिरते, आणि गाडी बंद असतानाही थोडा थोडा प्रवाह गळत राहतो.

तिसरे कारण म्हणजे गाडी दिवसेंदिवस उभी राहणे. काहीही न जोडता ठेवलेली बॅटरीसुद्धा आतल्या आत हळूहळू उतरत असते. उष्णता जितकी अधिक तितकी ही गळती अधिक. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की तिचा वेग सर्वसाधारणपणे दुप्पट होतो. विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याखाली उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी यामुळेच लवकर उतरते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून थंडीस दोष दिला जातो. वास्तविक बॅटरीचे नुकसान बहुधा आधीच्या उन्हाळ्यात झालेले असते. गाडी झाडाच्या सावलीत किंवा छपराखाली हवेशीर जागी उभी करावी, हा साधा उपायही बॅटरीचे आयुष्य वाढवितो.

चौथे कारण म्हणजे गाडीच्या चार्जिंग यंत्रणेतील बिघाड. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? इंजिनावरील कॉइलमधून किंवा रेक्टिफायरमधून योग्य दाबाची वीज येत नसेल, तर कितीही चांगली बॅटरी बसविली तरी ती एक-दोन महिन्यांत निकामी होईल.

दर महिन्याची तपासणी

बॅटरी दोन प्रकारची असते. एका प्रकारात वर सहा बुचे असतात व खोक्यावर पातळीच्या दोन रेघा आखलेल्या असतात. दुसरा प्रकार बंद बॅटरीचा असून तीत पाणी घालावे लागत नाही. बंद बॅटरीचे झाकण कधीही उचकटू नये. आतील वायूचा दाब आवरणारी झडप त्यामुळे बिघडते.

बुचांच्या बॅटरीतील अॅसिडची पातळी दर महिन्यास, व उन्हाळ्यात दर पंधरवड्यास, पाहावी. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे किंवा नाही ते पाहावे. पातळी खाली गेली असल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी वरच्या रेघेपर्यंत घालावे, त्यावर घालू नये. विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी मुळीच वापरू नये. पिण्यास गोड लागणाऱ्या पाण्यातही क्षार असतात, व ते पट्ट्यांचा नाश करतात.

येथे एक चूक सर्रास होते. पातळी उतरली म्हणजे अॅसिड कमी झाले असे समजून वरून नवे अॅसिड घातले जाते. बॅटरीतून उडून जाते ते पाणी. अॅसिड आतच राहते. वरून अॅसिड घातल्याने ते प्रमाणाबाहेर तीव्र होऊन पट्ट्या खाते. बॅटरी काही दिवस जोर धरल्यासारखी भासते आणि मग एकाएकी बसते. अॅसिड सांडून गेले असेल तरच, आणि तेही जाणकाराच्या हातून, ते भरावे.

यानंतर टोके पाहावीत. टोकांवर पांढरट किंवा हिरवट भुकटी जमली असल्यास वायर सोडवून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या दातांच्या ब्रशने ती साफ करावी. सोड्याचे पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून वायर घट्ट आवळावी व वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. सैल टोकामुळे भरलेली बॅटरीही रिकामी असल्यासारखी वागते, म्हणून गाडी अडली असता प्रथम टोके हलवून पाहावीत.

टोके सोडविताना काळी वायर, म्हणजे ऋण टोक, प्रथम काढावे; जोडताना लाल वायर, म्हणजे धन टोक, प्रथम जोडावे. गाडीचा सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. काळी वायर जोडलेली असताना लाल टोकावरील पाना सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी उडते. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग त्यामुळे जळण्याचा संभव असतो.

बॅटरी बांधणारा रबरी पट्टा घट्ट असावा. शेतरस्त्याच्या खड्ड्यांत सैल बॅटरी आदळते व पट्ट्यांवरील मसाला झडून तळाशी साचतो. बुचांच्या बॅटरीस वायू बाहेर जाण्यासाठी एक बारीक नळी असते. ती दुमडलेली किंवा चिखलाने बुजलेली नसावी आणि तिचे तोंड साखळीवर किंवा सांगाड्यावर येऊ नये. फ्यूज गेला असता तेवढ्याच अँपिअरचा दुसरा बसवावा. त्या जागी तार गुंडाळणे म्हणजे गाडीस आग लागण्याचा धोका पत्करणे होय.

व्होल्ट मोजून स्थिती कशी ओळखावी?

बॅटरीची स्थिती डोळ्यांनी कळत नाही. ती मोजावी लागते. साधा मल्टीमीटर यासाठी पुरतो. गाडी निदान चार-पाच तास बंद राहिल्यानंतर टोकांवरील दाब मोजावा. त्यावरून पुढीलप्रमाणे अंदाज येतो.

१२.६ व्होल्ट किंवा अधिक : बॅटरी पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट : सुमारे पाऊण भरलेली
१२.२ व्होल्ट : सुमारे निम्मी
१२.० व्होल्ट : सुमारे पाव
११.८ व्होल्ट किंवा कमी : जवळजवळ रिकामी

बंद प्रकारची बॅटरी पूर्ण भरली असता हा आकडा १२.८ च्या आसपास असतो. दाब १२.४ च्या खाली गेला की बॅटरी चार्ज करावी, हा नियम पाळल्यास टणक थर बसण्याचा प्रश्न सहसा येत नाही. बुचांच्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा स्वतंत्र तपासता येतो. पाच कप्प्यांचे आकडे सारखे व एकाचाच फार कमी आला, तर तो कप्पा निकामी झाला असे समजावे.

त्यानंतर इंजिन सुरू करून मध्यम ते जलद गतीने फिरवावे व पुन्हा दाब मोजावा. तो साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावा. दाब वाढतच नसेल तर बॅटरीस वीज मिळत नाही. तो १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर बिघडला असून बॅटरी जादा भरली जात आहे. अशा बॅटरीतील पाणी वारंवार आटते व बंद बॅटरी फुगते. दोन्ही प्रसंगी आधी यंत्रणा दुरुस्त करावी, मग बॅटरीचा विचार करावा.

चार्जिंग कसे करावे?

बॅटरीच्या क्षमतेच्या दशांशाइतका प्रवाह द्यावा, हा चार्जिंगचा सुरक्षित नियम आहे. क्षमता खोक्यावर छापलेली असते. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर, व ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीस ०.९ अँपिअर पुरे. निम्मी उतरलेली बॅटरी या गतीने सहा-सात तासांत भरते.

गावातील चार्जिंगच्या दुकानात ट्रॅक्टरच्या व मोटारीच्या बॅटऱ्या एका ओळीत जोडून चार्ज करतात. त्या ओळीत सर्वांस सारखाच प्रवाह मिळतो. ट्रॅक्टरच्या ७५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस योग्य असा ७ अँपिअरचा प्रवाह मोटारसायकलच्या ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीस मिळाला, तर तो योग्य प्रमाणाच्या चौदा पट होतो. लहान बॅटरी तापते, पट्ट्या वाकतात, आणि तासाभरात भरून मिळालेली बॅटरी महिनाभरही टिकत नाही. म्हणून दुचाकीची बॅटरी स्वतंत्र व मंद चार्ज करून देण्यास सांगावे. पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून भरल्यावर आपोआप थांबणारा लहान चार्जर घेतल्यास तो सर्वांच्या उपयोगी पडेल. बंद बॅटरीस चालणारा चार्जरच तिच्यासाठी वापरावा. काही महागड्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. तिला तिचाच चार्जर लागतो.

गाडी उभी ठेवावयाची असल्यास

ऊसतोडणीसाठी किंवा अन्य कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची गाडी कित्येकदा दिवाळीपासून पाडव्यापर्यंत दारात उभी असते. भर पावसाळ्यात चिखलाच्या वस्तीवरही गाडी आठवडेच्या आठवडे बाहेर निघत नाही. अशा वेळी बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टोकाची वायर सोडून ठेवावी. शक्य तर बॅटरी काढून थंड व कोरड्या जागी, मुलांच्या हातास लागणार नाही अशी ठेवावी, आणि दर महिन्यास एकदा चार्ज करवून घ्यावी. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते असा समज आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्यास तो लागू नाही.

हीच गोष्ट पाठीवरच्या बॅटरी-फवारणी पंपाचीही आहे. त्यांतील पुष्कळांत शिशाचीच बंद बॅटरी असते. हंगामाची शेवटची फवारणी झाली की पंप रिकाम्या बॅटरीनिशी कोठीत जातो व पुढील खरिपात ती वीज धरीत नाही. हंगाम संपताच पंपाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी व मधूनमधून भरीत राहावी. ऐन किडीच्या वेळी होणारी अडचण त्यामुळे टळेल.

नवी बॅटरी घेताना

गाडी सुरू होत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नये. प्रथम टोके व फ्यूज पाहावेत. मग बॅटरी मंद गतीने पूर्ण चार्ज करावी आणि रात्रभर तशीच ठेवून दाब मोजावा. दाब टिकला तर दोष अन्यत्र आहे. दाब पुन्हा १२ च्या आसपास आला, किंवा सेल्फ दाबताच तो १० च्या बराच खाली कोसळला, तरच बॅटरी बदलावी. घेताना तिची निर्मितीची तारीख पाहावी, कारण दुकानात पडून राहिलेली भरलेली बॅटरीही उपाशीच असते. कोरडी बॅटरी घेतल्यास अॅसिड भरल्यावर अर्धा तास मुरू द्यावे व पहिले चार्जिंग पूर्ण करूनच ती गाडीत बसवावी. या घाईत झालेली उणीव पुढे भरून निघत नाही. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी.

सावधगिरी व जुनी बॅटरी

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, जवळ विडी ओढू नये, काडी पेटवून पातळी पाहू नये, आणि चार्जर बंद करूनच त्याचे चिमटे काढावेत. अॅसिड अंगावर उडाल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धूत राहून रुग्णास लगेच डॉक्टरकडे न्यावे.

निकामी बॅटरी घरी फोडू नये. शिसे हे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम अधिक होतो. शिसे वितळविताना निघणारा धूर, अंगणात सांडलेले अॅसिड, किंवा बॅटरीचे खोके धुऊन त्यात पाणी साठविणे, ही सर्व घातक होत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. ती विक्रेत्यास परत द्यावी. नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे काही पैसे वजाही मिळतात.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

दसऱ्यास गाड्या धुऊन त्यांस हार घालण्याची प्रथा गावोगावी आहे. त्याच सुमारास एखाद्या सकाळी चावडीपुढे गाड्या एकत्र आणवून मल्टीमीटरने प्रत्येकीचा दाब मोजून दाखविल्यास तासाभरात वीस-पंचवीस मालकांस आपल्या बॅटरीची स्थिती कळेल. पावसाळ्यापूर्वी अशीच दुसरी तपासणी घ्यावी. प्रत्येक मालकास आकडा कागदावर लिहून द्यावा, म्हणजे पुढील वेळी तुलना करता येईल. ज्यांचा आकडा १२.४ च्या खाली आहे त्यांच्या बॅटऱ्या त्याच दिवशी चार्ज करण्याची व्यवस्था करावी.

नीट निगा राखलेली बॅटरी सामान्यतः तीन-चार वर्षे काम देते. दुर्लक्षित बॅटरी वर्षभरातही जाते. या दोहोंतील अंतर म्हणजे महिन्यातून पंधरा मिनिटांचे लक्ष, थोडे डिस्टिल्ड पाणी आणि वेळेवर दिलेले चार्जिंग. बैलास काम नसले तरी वैरण चुकवीत नाहीत. उभ्या गाडीच्या बॅटरीसही तोच न्याय लावावा.